जपानी भयपट लावताय? आधी कूलर बंद करा

जपानी भयपटातली भीती चौकटीच्या कोपऱ्यात, मागच्या दारात, बारीकशा आवाजात दडलेली असते. तिथवर नजर आणि कान पोचलेच नाहीत, तर सिनेमा रटाळ वाटणारच. म्हणून आधी खोलीची तयारी.

इंदूरला एप्रिल-मेमध्ये खरी अडचण कूलरची. त्याची घरघर नेमके हळू आवाज गिळते, आणि ‘डार्क वॉटर’सारख्या सिनेमात तर पडद्यावरची टिपटिप कोणती आणि टाकीतली कोणती हेच कळत नाही. तासभर आधी कूलर चालवून खोली गार करा आणि अकराच्या सुमारास बंद करा. माळव्यातली रात्र एवढी साथ देते. रात्री उशिरापर्यंत गजबजलेल्या सराफा-राजवाड्याकडे राहत असाल तर सरळ हेडफोन लावा. साउंडबार असेल तर ‘नाइट मोड’ काढून टाका. तो हळू आवाज मोठे आणि मोठे आवाज लहान करतो, मग शांततेला काही अर्थच उरत नाही.

टीव्हीचा ‘व्हिव्हिड’ मोड बदलून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ करा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय आणि वीजबचतीची सोयही बंद. मग एखादं अंधारं दृश्य थांबवून बघा: काळे केस आणि त्यांच्यामागची भिंत वेगवेगळी दिसली पाहिजे. दिसत नसेल तर ब्राइटनेस एकेक घर वाढवा. काळा रंग राखाडी व्हायला लागला की एक घर मागे या. दिवा हवाच असेल तर टीव्हीच्या मागे ठेवा, समोर ठेवला तर काचेत तुमचंच प्रतिबिंब दिसत राहील.

सुरुवात हिदेओ नाकाताच्या ‘रिंगू’ने (1998) करा, आणि त्याचा अमेरिकन रिमेक आधी बघू नका. गाजलेल्या दृश्याच्या क्लिपाही टाळा. त्यातल्या सादाको या भुताची ती विचित्र चाल काबुकी या जपानी नाट्यप्रकाराचं शिक्षण घेतलेल्या अभिनेत्रीला उलटं चालायला लावून, मग फिल्म उलटी फिरवून साधलेली आहे. अंगाला काहीतरी खटकतं, पण काय ते चटकन सांगता येत नाही. मोकळे केस आणि पांढरा वेश हे तिथल्या भुताचं जुनं रूप. पांढरं वस्त्र प्रेताला नेसवतात.

त्यानंतर ‘डार्क वॉटर’ (2002). यात छतावरच्या ओलीच्या डागाकडे लक्ष ठेवा. मुलीचा ताबा मिळावा म्हणून झगडणारी आई आणि तो पसरत जाणारा डाग, दोन्ही एकाच गोष्टीबद्दल आहेत.

मग दिग्दर्शक कियोशी कुरोसावाचे सिनेमे. खरी कसोटी इथे. ‘काइरो’मध्ये (2001) एक बाई खोलीच्या टोकापासून सावकाश चालत येते. मधेच तिचा पाय लचकतो, अंग एका बाजूला झुकतं, ती सावरते आणि पुन्हा येऊ लागते. इथे दचकवणारं काहीच नाही. हातपाय गार होतात ते त्या एका लचकण्याने. असं दृश्य दीडपट वेगाने बघितलं की संपलंच. दिग्दर्शकाने दिलेला वेळ हाच त्याचा ऐवज आहे.

‘क्युअर’ (1997) डब केलेला मुळीच बघू नका. त्यातला तरुण समोरच्याला सपाट आवाजात पुन्हा पुन्हा विचारत राहतो, ‘तू कोण आहेस?’ लायटरची ज्योत, सांडलेलं पाणी आणि तो आवाज, याच्या जोरावर तो माणसं ताब्यात घेतो. आवाज बदलला तर काय उरलं? सबटायटल वाचताना चौकटीची मागची बाजू सुटते, म्हणून संशय आला की दहा सेकंद मागे जा. यात मुळीच कमीपणा नाही.

‘ऑडिशन’ (1999) सर्वांत शेवटी. पूर्वार्ध एका विधुराच्या प्रेमकथेसारखा संथ चालतो, शेवटचा भाग मात्र अतिशय क्रूर आहे. घरात मुलं जागी असताना किंवा रक्ताची भीती असलेल्या पाहुण्यांसोबत लावू नका.

एका रात्रीत एकच सिनेमा. ‘क्वायदान’ मात्र तीन तासांचा, पण चार स्वतंत्र कथांचा आहे. तो दोन रात्रींत, दोन-दोन कथा करून खुशाल बघा.