क्लॅरिनेटची रीड बदलत सुटण्याआधी: या चुका टाळा

सूर फाटला की पहिला दोष रीडच्या, म्हणजे फुंकल्यावर थरथरणाऱ्या वेताच्या पातळ पट्टीच्या माथी. अडीच नंबर (नंबर जितका मोठा तितकी रीड कडक) जमत नाही म्हणून तीन, तीन जमत नाही म्हणून साडेतीन. पण रीड कोणत्या माउथपीसवर, म्हणजे तोंडात धरायच्या भागावर बसणार हे कळल्याशिवाय नंबराला अर्थ नसतो.

माउथपीसचं टोक आणि रीडचं टोक यांतली फट कंपनीच्या माहितीत मोजून दिलेली असते. काही माउथपीसची मापं: यामाहा ४सीची १.०५ मिमी, व्हँडोरेन बी४५ची १.१९५, एम३०ची १.१५, एम१३ची जवळपास १.००. बी४५ आणि एम३० यांत फरक ०.०४५ मिमीचा, म्हणजे केसाच्या जाडीइतकाही नाही, तरी तो ओठाला लगेच कळतो. फट मोठी असेल तर रीडला जास्त वाकावं लागतं, म्हणून ती मऊ हवी. बी४५वर २.५ किंवा ३ चालते, एम१३वर ३.५ किंवा तिच्याहून कडक सहज वाजते. त्यामुळे दुसऱ्याचा नंबर बघून पुडा आणणं ही सगळ्यात महाग चूक. चार नंबर वाजवणारा मोठा वादक आणि अडीचवाला कच्चा, हा समजही चुकीचाच.

फटीइतकीच बाकाची लांबी महत्त्वाची. रीड जिथून माउथपीसपासून सुटते तिथून टोकापर्यंतचा हा भाग ४सीवर १९ मिमी असतो. बाक लांब असेल तर तीच रीड सोपी वाटते, आखूड असेल तर कडक.

मोठ्या फटीवर कडक रीड लावली की खालचे सूर हलक्या आवाजात सुरूच होत नाहीत, नुसती फुसफुस होते. ओठ थकतो, माणूस दातांनी आवळतो आणि सूर चढतो. अरुंद फटीवर मऊ रीड असेल तर उलट: वरचे सूर उतरतात, जोरात फुंकलं की रीड चिकटून आवाजच बंद होतो.

नंबर बदलण्याआधी ही परीक्षा करा. रीड मिनिटभर ओली करा. टोकाला माउथपीसची केसाएवढी काळी कड दिसेल अशी बसवा, लिगेचरचे (रीड धरून ठेवणाऱ्या पट्ट्याचे) स्क्रू बेताने आवळा. माउथपीसचं खालचं भोक तळव्याने दाबून हवा ओढून घ्या आणि माउथपीस तोंडातून काढा. रीड क्षणभर चिकटून 'टप्' करून सुटली तर हवा गळत नाही. लगेच सुटली तर दुसरी रीड लावून बघा. तीही तशीच सुटली तर माउथपीसच्या कडेच्या पट्ट्या झिजल्या किंवा टवके उडाले आहेत. घरी पॉलिश पेपर लावू नका, मिलिमीटरचा शंभरावा भाग घासला गेला तरी फट बदलते. जाणत्या कारागिराकडेच द्या.

आवाज तीक्ष्ण वाटतो म्हणून कडक रीड घेणंही फसवं. तीक्ष्णपणा बराचसा माउथपीसच्या टोकाच्या आतल्या उतारावर ठरतो. उतार खोलगट असेल तर आवाज गडद, सपाट किंवा उंच असेल तर धारदार. त्यावर पांढरा थर जमला तरी आवाज बिघडतो. तो नखाने खरवडू नका. निम्मं पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये माउथपीसचं टोक दहा मिनिटं बुडवा आणि मऊ कापसाने पुसा. गरम पाण्याने एबोनाइट (माउथपीसचं कडक काळं रबर) हिरवट पडतं.

हार्मोनियम किंवा कीबोर्डसोबत वाजवताना सूर कायम चढा राहत असेल तर तेही आधी माउथपीसवर तपासा. व्हँडोरेनची १३ मालिका ४४० हर्ट्झच्या (सूर जुळवायच्या 'ए' स्वराची कंपनसंख्या) वाद्यमेळासाठी आहे, इतर बरेच माउथपीस ४४२च्या आसपास सुरात असतात. बॅरल, म्हणजे माउथपीसखालचा आखूड नळीचा तुकडा, बाहेर ओढून हे भागवलं तर मधले सूर (इंग्रजीत 'थ्रोट टोन') इतरांपेक्षा जास्त उतरतात.