घरच्या दिवाळी भेटी: घटस्थापनेपासून वसुबारसेपर्यंतची तयारी

घरी केलेल्या भेटी बिघडतात त्या बहुधा ओलीमुळे आणि घाईमुळे. उटण्याला बुरशी लागते, चिवडा मऊ पडतो, लाडू बसतात. म्हणून सगळं दिवाळीच्या आठवड्यावर न टाकता घटस्थापनेलाच सुरुवात करावी. तिथून लक्ष्मीपूजनापर्यंत जवळपास चार आठवडे मिळतात. पुढचा हिशोब १८ घरांचा आहे: दर घरी ५० ग्रॅम उटणं, दोन पणत्या, चार बेसनाचे लाडू आणि उटणं-पणत्यांसाठी एक कापडी पोटली.

पहिलं काम उटण्याच्या सामानाचं, कारण वाळायला वेळ तेच घेतं. एक किलोसाठी मसूर डाळ ५०० ग्रॅम, वाळलेली संत्रासाल १५०, नागरमोथा १००, कचोरा ७५, गुलाबपाकळ्या ७५, आंबेहळद ५० आणि वाळा ५० ग्रॅम. डाळ आणि साल घरची, बाकीचं काष्ठौषधीच्या दुकानातून आणावं. तयार पूड घेऊ नये. अख्खा माल पारखता येतो, पूड पारखता येत नाही. नागरमोथ्याची गाठ फोडून आतून पोखरलेली नाही ना ते पाहावं. वाळ्याची दोन मुळं ओल्या बोटांनी चोळावीत, वास सुटला नाही तर माल जुना आहे. आंबेहळदीऐवजी स्वयंपाकाची हळद चालत नाही, अंगावर पिवळेपणा राहतो. गुलाब गावठी असावा, लांब दांड्याच्या फुलांना बहुधा वास नसतो आणि फवारणी भरपूर असते.

या दिवसांत परतीचा पाऊस केव्हाही येतो, त्यामुळे सामान ताटांत पसरून उन्हात ठेवावं आणि संध्याकाळी न चुकता आत घ्यावं. पाकळ्या मात्र सावलीत, नाहीतर रंग आणि वास दोन्ही जातात. संत्रासाल कट्‌कन मोडली तर वाळली. वाकत असेल तर अजून दोन उन्हं द्यावीत. बुरशीची सुरुवात बहुधा या सालीपासूनच होते.

दळण दसऱ्यानंतर. वाळा कात्रीने बोटाच्या पेराएवढा कापून घ्यावा, नाहीतर त्याचे तंतू मिक्सरच्या पात्याला गुंडाळले जातात. नागरमोथा आणि कचोरा आधी खलबत्त्यात फोडावेत. घरचा मिक्सर दमत असेल तर शिकेकाई दळून देणाऱ्या गिरणीत द्यावं. धान्याच्या गिरणीत ते घेत नाहीत आणि घेऊही नये. पूड वस्त्रगाळ करावी. दहावा हिस्सा तरी जाडसर उरतो, म्हणजे हाती साधारण ९०० ग्रॅम येतं आणि त्याच्या १८ पुड्या होतात. उरलेला चोथा पायांच्या टाचा घासायला चांगला. दळलेली पूड कोमट असते. ती परातीत पसरून पूर्ण निवल्याशिवाय पुडी बांधू नये. आत वाफ धरली की गोळे होतात आणि आठवड्यात कुबट वास येतो.

पोटलीसाठी जुनी सुती साडी घ्यावी. आधी गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढावी, खळीवर झुरळं येतात. मग कापड उजेडासमोर धरावं. जिथे विरलेलं दिसेल तो भाग सोडून द्यावा, काठाकडचा भाग सहसा भक्कम असतो. तुकडा १८ बाय ४६ सेंटीमीटरचा कापावा. मध्ये दुमडून दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटीमीटर शिलाई आणि वर नाडीसाठी ३ सेंटीमीटर दुमड धरली की १५ बाय २० ची पोटली होते. साडीचा पन्हा ११० सेंटीमीटर असेल तर आडवे सहा तुकडे बसतात, म्हणजे १८ पोटल्यांना जेमतेम दीड मीटर कापड लागतं. बाजूची शिलाई नाडीच्या घराखालीच थांबवावी. वरपर्यंत मारली तर नाडी ओवायला तोंडच राहत नाही, आणि ही चूक सगळी शिवून झाल्यावरच लक्षात येते. नाडी साडीच्याच पट्टीची, ५० सेंटीमीटरची. सुती कापडातून बारीक पूड झिरपते, म्हणून उटणं आधी तपकिरी कागदाच्या पुडीत बांधावं. शिवायला वेळ नसेल तर बाजारातली नॉन-वोव्हन पिशवी हा त्यावरचा उपाय नव्हे. ती दिसते कापडासारखी, पण असते पॉलिप्रॉपिलीनची.

पणत्या दसऱ्याच्या आसपास थेट कुंभाराकडून घ्याव्यात, फुटतुटीसह ४०. नखाने टिचकी मारून खणखणीत वाजते तीच ठेवावी, बद्द आवाजाची पणती तडकलेली असते. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवली की धूळ निघते आणि बारीक चिरही दिसते. रंगवायची तर बाहेरून गेरूने, त्यात थोडं डिंकाचं पाणी घालावं, नाहीतर गेरू हाताला लागतो. आतून आणि वातीच्या टोकाशी रंग लावूच नये, तो जळून धूर करतो. पोटलीत घालण्याआधी दोन दिवस कडक ऊन द्यावं. लावण्याआधी पुन्हा काही तास भिजवायला सांगावं, म्हणजे तेल कमी शोषलं जातं.

लाडवांसाठी जुन्या बरण्या कोजागरीपर्यंत जमवाव्यात. गरम पाण्यात सोडा घालून अर्धा तास भिजवल्यावर लेबल सुटतं, राहिलेला डिंक खोबरेल तेलाने पुसला जातो. झाकणाला आतून गंज असेल किंवा लोणच्याचा वास उन्हानेही जात नसेल तर ते झाकण वापरू नये. धुतलेल्या बरण्या दोन दिवस उपड्या वाळवाव्यात.

लाडू शेवटच्या आठवड्यात. ७० ते ७२ लाडवांना सव्वा किलो जाडसर बेसन, ७०० ग्रॅम साजूक तूप, एक किलो पिठीसाखर. एका घाण्यात अर्ध्या किलोपेक्षा जास्त बेसन भाजू नये. मंद आचेवर ३५ ते ४० मिनिटं लागतात. खमंग वास आला आणि बेसन हलकं होऊन तूप सुटलं की झालं. कच्चट राहिलं तर लाडू टाळूला चिकटतो. साखर बेसन कोमट झाल्यावरच मिसळावी. गरम असताना घातली तर ती विरघळते आणि वळलेले लाडू तासाभरात चपटे होतात. चिवडाही द्यायचा असेल तर पातळ पोहे उन्हात तापवून घ्यावेत, कढीपत्ता पूर्ण कोरडा करून तळावा, खोबऱ्याचे काप लालसर होऊ द्यावेत. लाडवांच्या बरणीत मात्र चिवडा नको, हिंगाचा वास लाडवांना लागतो. वर्तमानपत्रात फराळ बांधू नये, शाई अन्नाला लागते. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही त्याबद्दल बजावलेलं आहे.

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाची चिठ्ठी दोऱ्याने बांधावी. तिच्यावर घटक, केल्याची तारीख आणि लाडू पंधरा दिवसांत संपवावेत हे लिहावं. लाडवांत काजू-बदाम असतील तर ते ठळक लिहावं. उटण्यासाठी: दोन चमचे उटणं दुधात किंवा पाण्यात कालवावं, पुडीत ओला चमचा घालू नये, आणि आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून पाहावं. तान्ह्या बाळाला लावू नये.

वाटप वसुबारसेला सुरू करून धनत्रयोदशीपर्यंत संपवावं, कारण उटणं नरकचतुर्दशीच्या पहाटे हाताशी हवं. जवळच्या घरी फराळ बरणीऐवजी स्टीलच्या डब्यात द्यावा. डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत आपल्याकडे आहेच. तो काहीतरी घेऊन परत येतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा कामाला येतो. परदेशी पाठवायच्या पार्सलचा निर्णय घटस्थापनेलाच घ्यावा आणि त्या देशाचे नियम आधी पाहावेत. तूप, दुधाचे पदार्थ, बिया आणि वनस्पतींचे भाग ऑस्ट्रेलियासारख्या देशांत सीमेवरच अडवले जाऊ शकतात. तिथे फक्त रिकाम्या पोटल्या पाठवाव्यात आणि उटण्याचं प्रमाण चिठ्ठीवर लिहून द्यावं.