मांजर आजारी आणि खिशात मोजकेच पैसे: सातारा-सांगलीत काय करायचं

बोका सकाळपासून सारखा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, कळ देतोय, मागची बाजू चाटतोय आणि ट्रे कोरडाच आहे. पुष्कळ घरांत हे बद्धकोष्ठ समजून त्याला एरंडेल पाजतात. बहुतेक वेळा त्याची लघवी तुंबलेली असते. बोक्याची मूत्रनलिका टोकाशी फार अरुंद असते, तिथे बारीक खडे नाहीतर चिकट गाळ अडकतो. लघवी साठत गेली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं, आणि एक-दोन दिवसांत हृदय थांबू शकतं. मागच्या पायांच्या पुढे पोटाला अगदी हलका हात लावला तर लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा टणक गोळा लागतो. तो दाबू नका, मूत्राशय फुटतं. पहिल्याच दिवशी नेलं तर बऱ्याचदा नळी घालून काम भागतं. तिसऱ्या दिवशी सलाईन, रक्ततपासणी, दवाखान्यात मुक्काम असा खर्च वाढतो आणि तरीही मांजर हाती लागेल याची खात्री नसते. म्हणून पैसे कमी असतील तर कशाला थांबता येतं आणि कशाला नाही, हे आधी शिकून घ्या.

तोंड उघडून धाप लागणं, शांत झोपलेलं असताना मिनिटाला 40 च्या वर श्वास (निरोगी मांजराचे साधारण 20 ते 30 असतात), गच्चीवरून पडणं, पिल्लाला उलट्या-जुलाब होऊन ते मलूल पडणं: यात त्याच दिवशी निघायचं. मोठ्या मांजराने सलग 24 तास तोंडात काही घेतलं नाही तरीही दाखवा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि मूळ आजारापेक्षा तोच आजार महाग पडतो. केसांच्या गोळ्याची एखादी उलटी, पिसवा, जंत, किंचित लंगडणं, आणि खाणं-पिणं नीट असेल तर एक-दोन दिवस बघायला हरकत नाही.

आता दार कुठलं ठोठवायचं. आपल्याकडे सरकारी दवाखान्याला 'गुरांचा दवाखाना' म्हणतात, म्हणून कुणी तिथे मांजर नेतच नाही. खरं तर जिल्हा परिषदेच्या श्रेणी-1 दवाखान्यात पदवीधर पशुधन विकास अधिकारी असतात, आणि नाममात्र सेवाशुल्कात ताप, जखम, जंत, इंजेक्शन अशी कामं होतात. श्रेणी-2 मध्ये बहुधा पदविकाधारक असतात. मांजरासाठी शक्यतो श्रेणी-1 किंवा जिल्ह्याचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय गाठा. सकाळी लवकर जा, कारण नंतर डॉक्टर गावोगावी गायी-म्हशी बघायला निघतात. तिथे दिवसभर मोठी जनावरं येतात, म्हणून मांजराचं वजन आधीच सांगा. वजनकाट्यावर मांजर घेऊन उभं राहा, मग एकटे उभं राहा आणि वजाबाकी करा. पिल्लू डब्यात घालून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवलं तरी चालतं. 1962 या क्रमांकावर फोन करून बोलवायची सरकारी फिरत्या दवाखान्याची गाडी मुख्यतः गोठ्यातल्या जनावरांसाठी आहे. रात्री मांजरासाठी तिच्यावर विसंबू नका.

एक्स-रे, शस्त्रक्रिया किंवा निदानच होत नसेल तर शिरवळ. तिथलं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय 1988 पासूनचं आहे. महाविद्यालयाच्या चिकित्सालयात विद्यार्थी आणि प्राध्यापक मिळून तपासतात. वेळ जातो, पण तपासणी बारकाईने होते आणि खासगीपेक्षा खर्च बराच कमी येतो. साताऱ्याहून खंबाटकी ओलांडून खंडाळ्याच्या पुढे, हमरस्त्यालाच शिरवळ आहे. सांगलीकरांना मात्र हे लांब पडतं. त्यामुळे तुंबलेला बोका घेऊन सांगलीहून तिकडे निघू नका. आधी सांगली-मिरजेतल्या जवळच्या डॉक्टरकडून लघवी मोकळी करून घ्या. निघण्याआधी फोन करून त्या दिवशी लहान जनावरांचे डॉक्टर आहेत का ते विचारा.

खासगी डॉक्टरकडे टेबलावर मांजर ठेवण्याआधीच बोला: "डॉक्टर, आज माझ्याकडे एवढेच पैसे आहेत. आज काय केलंच पाहिजे आणि काय पुढच्या आठवड्यात चालेल?" यात लाजण्यासारखं काही नाही. डॉक्टरला आकडा कळला की ते त्यात बसणारा उपचार सुचवतात. न कळल्याने उपचार अर्धवट सुटतात आणि पैसेही वाया जातात. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा. डॉक्सिसायक्लिन, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट अशी माणसांची औषधं मांजरांनाही देतात आणि ती जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात. डोस मात्र डॉक्टरांनी लिहिलेलाच. डॉक्सिसायक्लिनची गोळी कोरडी देऊ नका. ती अन्ननलिकेत चिकटते आणि तिथे जखम करते. गोळीनंतर सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या कोपऱ्यातून 5-6 मिली पाणी थेंबथेंब सोडा.

घरच्या डब्यातली एक गोळी मात्र कधीच नाही: पॅरासिटॅमॉल. 500 मिलिग्रॅमची एकच गोळी मांजराला मारू शकते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकही तसंच. कुत्र्यांचं गोचीड मारायचं पर्मेथ्रिन मांजराला लावलं तर फेफरं येतं. फरशी फिनाईलने पुसली असेल तर वाळेपर्यंत मांजर बाहेर ठेवा, ते पाय चाटतं.

नेण्यासाठी महागडा पिंजरा लागत नाही. भाजी मंडईतले दोन प्लास्टिकचे क्रेट तोंडाला तोंड लावून एकावर एक ठेवून चारही कोपऱ्यांना सुतळीने घट्ट बांधा, आत जुना टॉवेल, वरून चादर. अंधारात मांजर शांत राहतं. पिशवीत घालून गाडीवर नेलेलं मांजर हॉर्नला घाबरून उडी मारतं आणि मग ते सापडत नाही.

खर्च टाळण्याचे दोन मोठे मार्ग आहेत. पहिला लसीचा. रेबीजची लस 10 डोसच्या बाटलीतही येते. गल्लीतली आठ-दहा मांजरं-कुत्री एकाच दिवशी नेण्याचं ठरवलं तर डॉक्टर ती बाटली फोडतात आणि प्रत्येकी खर्च उतरतो. 6 जुलै आणि 28 सप्टेंबरच्या आसपास बऱ्याच ठिकाणी मोफत रेबीज शिबिरं होतात, तेव्हा चौकशी करा. पिल्लांची तिहेरी लस 8 आठवड्यांपासून सुरू करा, त्यानंतर 3-4 आठवड्यांनी पुन्हा. रेबीजची 12 आठवड्यांनंतर. पैसे कमी असले तरी तिहेरी लस चुकवू नका. ज्या उलट्या-जुलाबांनी घरातली सगळी पिल्लं एका आठवड्यात जातात, तो आजार तिनेच टळतो.

दुसरा मार्ग नसबंदीचा. भाटी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि साधारण 63-65 दिवसांत विते. तिला माणसांच्या गर्भनिरोधक गोळ्या देऊ नका. त्यातून गर्भाशयात पू होतो, स्तनात गाठी येतात आणि त्याची शस्त्रक्रिया नसबंदीहून कितीतरी महाग असते. शस्त्रक्रियेआधी मोठ्या मांजराला रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगतात, पण लहान पिल्लाला तसं ठेवू नका, त्याची साखर उतरते. किती तास ठेवायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

या धावपळीत मांजर चावलं किंवा नखाने रक्त निघालं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा, हळद-चुना लावू नका, आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. रेबीजची लस तिथे मोफत मिळते.