गिटारच्या फळीचा उकललेला जोड

गिटारच्या पुढच्या फळीसाठी परदेशातून मागवलेली स्प्रूसच्या (सूचिपर्णी झाडाच्या लाकडाच्या) दोन फळ्यांची जोडी हातात पडली आणि मला दम धरवला नाही. दुसऱ्याच दिवशी दोन्ही फळ्या सरसानं जोडून टाकल्या. आठवड्याभरात जोड दोन्ही टोकांना उकलला, पोस्टकार्ड सहज आत सरकेल इतका. सरसाला उगाच शिव्या घातल्या. दोष माझ्या घाईचा होता. लाकूड दमट हवेतून आलं होतं, माझ्या खोलीत ते आकसत होतं.

मग जोड पुरता सोडवला. फळ्या पट्ट्यांवर सुट्या ठेवल्या, खालून-वरून वारा लागेल अशा. दर चार दिवसांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. ३८२ ग्रॅमवरून उतरत ते ३७१ वर थांबलं, पुढे दहा दिवस हललं नाही. खोलीची आर्द्रता ४५ ते ५० टक्के ठेवली होती. कडांवर पुन्हा रंधा मारला, उजेडाला धरून फट पाहिली, मगच सरस. दोनेक मिलिमीटर रुंदी गेली, जाऊ दे.

मागची फळी मात्र वखारीतूनच घेतली. तिथे टोक बघता येतं: लाकडाच्या वाढीची वर्तुळं पृष्ठभागाला काटकोनात उभी हवीत. फोटोवरून हे कळत नाही, टोकाचा फोटो मागावाच लागतो.

शिसम बाहेरून मागवायचा तर आधी शास्त्रीय नाव आणि साइट्सचा (CITES, धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवाना विचारा. २०१७ पासून डाल्बर्जियाच्या, म्हणजे शिसमाच्या कुळातल्या, सगळ्या जाती त्या कराराच्या यादीत आहेत. २०१९ मध्ये सूट मिळाली ती तयार वाद्यांना, कच्च्या लाकडाला नाही.