निःशस्त्र जमावावर लष्करी बळ : वादविवादाची तयारी कशी कराल

‘निःशस्त्र जमावावर लष्करी बळ वापरणं समर्थनीय आहे’ हा विषय आला की बरीच भाषणं पहिल्याच मिनिटाला भरकटतात. एक बाजू ‘हा जवानांचा अपमान’ म्हणून चिडते, दुसरी मृतांचे आकडे वाचत बसते. मुद्दा मात्र एवढाच असतो, की सुटलेली गोळी त्या क्षणी कोणाचा जीव वाचवत होती?

आधी प्रस्तावातले शब्द पक्के करा. ‘बळ’ म्हणजे लाठी, अश्रुधूर की गोळी? ‘निःशस्त्र’ म्हणजे हातात बंदूक नाही, की दगडही नाही? ‘समर्थनीय’ कायद्याने की नीतीने? सुरुवातीलाच व्याख्या केली नाही, तर प्रतिस्पर्धी आपल्या सोयीची करून मोकळा होतो.

मग एकच घटना घ्या आणि ती खोलात मांडा. चार घटना घेतल्या तर एकही नीट उभी राहत नाही. जालियनवाला बाग सर्वांत उपयोगी, कारण गोळीबाराचा हुकूम देणाऱ्याची स्वतःची जबानी उपलब्ध आहे. १३ एप्रिल १९१९ रोजी डायरने इशारा न देता गोळीबार सुरू केला. ५० शिपायांनी सुमारे १० मिनिटांत १,६५० गोळ्या झाडल्या. सरकारी आकड्यानुसार ३७९ माणसं मेली. जखमींची काहीही सोय न करता तुकडी परतली. पुढे या गोळीबाराची चौकशी करणाऱ्या हंटर समितीत मुंबईचे वकील चिमणलाल सेटलवाड यांनी त्याला विचारलं, की चिलखती गाड्या आत जाऊ शकल्या असत्या तर मशीनगन चालवल्या असत्या का? बहुधा हो, असं त्याने सांगितलं. जमाव पांगवणं एवढाच हेतू नव्हता, साऱ्या पंजाबवर जरब बसवायची होती, हेही त्यानेच कबूल केलं.

ही घटना चार प्रश्नांतून तपासा : इशारा दिला का, प्रत्यक्ष धोका होता का, बळ कमीत कमी होतं का, आणि धोका टळल्यावर गोळीबार थांबला का? चौथ्या प्रश्नाला सर्वाधिक वेळ द्या. पहिल्या गोळीसाठी काही ना काही मांडता येतं. सभांवर बंदी होती, तीन दिवसांपूर्वी शहरात पाच युरोपियन मारले गेले होते, सैन्य थोडं होतं. पण पळणाऱ्यांच्या पाठीत नवव्या मिनिटाला गोळी का घातली, याला उत्तर नाही.

म्हणूनच अनुकूल बाजूने डायरचा बचाव करण्याच्या फंदात पडू नये. तिची भक्कम जागा वेगळी आहे : निःशस्त्र म्हणजे निरुपद्रवी नव्हे, आणि दगडफेक करणाऱ्या जमावात अडकलेल्या तुकडीचा जीव खरोखर धोक्यात असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९ नुसार कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या आदेशावरून लष्कर जमाव पांगवू शकतं. मात्र बळ आणि इजा कमीत कमी असावी, असंही तेच कलम सांगतं. ते वाक्य तुम्हीच आधी वाचून दाखवा, नाहीतर समोरचा वाचेल आणि तुमचं कलम तुमच्यावरच उलटेल. अशांत क्षेत्रात लष्कराला विशेष अधिकार देणाऱ्या अफ्स्पा कायद्याचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९७ मध्ये हा कायदा वैध ठरवला, पण २०१६ मध्ये मणिपूर प्रकरणात अशांत क्षेत्रातही अतिरेकी बळ चालणार नाही, असं त्याच न्यायालयाने म्हटलं. पहिला निकाल सांगून दुसरा लपवणारा वक्ता प्रश्नोत्तरांत हमखास सापडतो.

प्रतिकूल बाजूने चर्चिल वापरावा. तो भारताच्या स्वातंत्र्याचा विरोधक, तेव्हा ब्रिटनचा युद्धमंत्री. तरीही ८ जुलै १९२० रोजी संसदेत त्याने कसोटी लावली, की जमाव सशस्त्र होता का, हल्ला करत होता का? दोन्हींचं उत्तर त्याने नाही असं दिलं. समोरचा मग ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सने, डायरची बाजू घेतल्याचं काढेल. ते खरं आहे, तेव्हा मान्य करा आणि मतदानाने पुरावा बदलत नाही एवढंच म्हणून पुढे जा.

दोन चुका टाळा. जनरल डायर आणि उधमसिंगांनी १९४० मध्ये मारलेला पंजाबचा माजी लेफ्टनंट गव्हर्नर मायकल ओडवायर ही दोन वेगळी माणसं आहेत. आणि बागेत मशीनगन चालल्या नाहीत, गोळीबार रायफलींचा होता.

‘मग जवानांनी दगड खात राहायचं का?’ या प्रश्नासाठी एक मिनिट राखून ठेवा. उत्तरात क्रम सांगा : अंतर राखणं, ध्वनिक्षेपकावरून लोकांच्या भाषेत इशारा, अश्रुधूर, आणि जमावाला निघून जायला मोकळी वाट. बागेत मुख्य वाटेवर शिपाईच उभे होते.