वॉर्म मिक्स आणि हॉट मिक्स रस्त्याच्या तड्यांची तुलना कशी करायची

वॉर्म मिक्स आणि हॉट मिक्स म्हणजे कमी आणि जास्त तापमानाला बनवलेलं डांबर-खडीचं मिश्रण. आधी दोन्हीचे पट्टे एकाच रस्त्यावर, एकाच लेनमध्ये घ्या. घोडबंदर रोडचा कंटेनरवाला तुकडा आणि वाशीतल्या सेक्टरची आतली गल्ली शेजारी ठेवून काहीच कळणार नाही. खालचा बेस, जाडी, डांबराचा घट्टपणाचा ग्रेड म्हणजे व्हीजी-३० की व्हीजी-४०, आणि रोलिंगनंतरचे एअर व्हॉइड्स म्हणजे आत राहिलेल्या हवेच्या पोकळ्या सेम पाहिजेत, नाहीतर तडा रोलरने दिलेला असतो आणि बोल मिक्सला लागतो.

हॉट मिक्स साधारण १५०-१६५ डिग्रीला बनतो, वॉर्म मिक्स २०-४० डिग्री कमीला, त्यामुळे प्लांटमध्येच डांबर कमी कडक होतं आणि सुरुवातीला वॉर्म मिक्स जरा लवचिक राहतो. पण म्हणून लगेच निकाल देऊ नका, हा फरक वय वाढलं की कमी होत जातो, म्हणून लॅबमध्ये सॅम्पल ८५ डिग्रीला ५ दिवस ओव्हनमध्ये ठेवून मग आयडियल-सीटी टेस्ट (सॅम्पल दाबून तडे किती सहज जातात ते बघणारी) करा, २५ डिग्रीला, मिनिटाला ५० मिमी वेगाने. तिचा आकडा म्हणजे सीटी इंडेक्स जास्त तर तडे कमी. टीएसआर, म्हणजे पाण्यात भिजवल्यावर सॅम्पलची ताकद कोरड्याच्या तुलनेत किती टिकते ते प्रमाण, पण काढाच, आपल्याकडचा पाऊस बघता मला तर तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

साइटवर चाकाच्या पट्ट्यातले मगरीच्या पाठीसारखे तडे वेगळे मोजा, ते थकव्याचे. खाली जुना काँक्रीट असेल तर जॉइंटवर सरळ आडवा तडा वर येतो, तो दोन्हीत येणारच, तो तुलनेत धरू नका. मोजणी मे महिन्यात आणि परत पावसाळा संपल्यावर, फोटोत स्केल ठेवून.