कुमेरीच्या जमिनीचा वनहक्क दावा कसा भरायचा

बिरसा मुंडाचं उलगुलान, म्हणजे आताच्या झारखंडातल्या आदिवासींचं बंड, झालं १८९९-१९०० ला, तो ९ जून १९०० ला रांचीच्या तुरुंगात वारला, आणि १९०८ ला छोटा नागपूरचा कुळकायदा आला तेव्हा कुठे तिकडच्या आदिवासींची जमीन बाहेरच्याच्या नावावर जायला आडकाठी झाली. आपल्याकडे गोव्यात काणकोण, सांगे, केपेत वेळीप, गावडा, कुणबी लोक पिढ्यान्‌पिढ्या डोंगरावर कुमेरी म्हणजे फिरती शेती करतायत पण हातात कागद नाही, अनुसूचित जमातीत नाव लागलं तेच २००३ ला. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या सुरुवातीलाच ‘ऐतिहासिक अन्याय’ झाला असं सरकारने स्वतः लिहून दिलंय, तेव्हा दावा भरताना कोणाचे उपकार घेतोय असं अजिबात वाटून घेऊ नका.

ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडून फॉर्म अ घ्या, देवराई किंवा चराई सगळ्या गावाची असेल तर फॉर्म ब. जमीन १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून तुमच्या ताब्यात हवी, कसता तेवढीच मिळते आणि जास्तीत जास्त ४ हेक्टर, पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, नवरा-बायको दोघांच्या नावाने निघतो.

खरी मेहनत पुराव्यात आहे, एकाने भागत नाही, दोन तरी लागतात. दावा ज्याचा नाही अशा म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब चालतो, लोक हेच विसरतात. मी शेजारच्या आजोबांना घेऊन वर गेलो होतो, त्यांनी काठीने पाचोळा सारला तर खाली दगडांची रांग, मातीत अर्धी बुडालेली, म्हणाले हा माझ्या बापाने घातलेला बांध आणि पलीकडे ते नाचणीचं खळं. तिथेच मोबाईलवर फोटो काढले आणि बसून जबाब लिहिला. ते ‘ओहळाच्या वर, फणसाच्या खाली’ म्हणाले तर तसंच लिहा, ऑफिसची भाषा घालायला जाऊ नका कारण पाहणीला माणसं येतील तेव्हा ओहळ आणि फणसच दाखवायचाय.

सॅटेलाइटच्या फोटोत शेत दिसत नाही म्हणून कोणी अडवलं तर सांगा, नियमाप्रमाणे तो फोटो बाकीच्या पुराव्यांना जोड म्हणून आहे, त्यांच्या बदली नाही. दावा दिल्यावर लेखी पोच घ्या, नाकारला तर कारण लेखी मागा, ग्रामसभेच्या ठरावावर ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे अपील करता येतं.

फॉर्म पुढच्या आठवड्यात भरला तरी चालेल पण आजोबांकडे आजच जा, पावसात ते डोंगर चढू शकणार नाहीत.